सक्रिय उपकरण

ठरावीक मुदतीत कंपनीच्या सर्व्हरशी एकदा तरी संपर्क झालेला फोन, संगणक वा घड्याळ. तंत्रज्ञान कंपन्या आपला पसारा याच मोजणीने सांगतात. विक्री एकदाच मोजतात, सक्रियता दर मुदतीला नव्याने. नागपुरात विकला गेलेला फोन पुढे पुसदच्या एखाद्या दुकानातून जुना म्हणून कोणी घेतला, तर विक्रीत त्याची भर पडत नाही. पण चालू आहे तोवर तो सक्रियांत राहतो. फडताळात पडून राहिलेला गळतो.

खरी मेख मुदतीत आहे. अ‍ॅपलने जानेवारी २०१६ मध्ये १०० कोटींचा आकडा दिला तेव्हा मुदत ९० दिवसांची होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी २८ दिवसांची धरली. असे दोन आकडे शेजारी मांडून तुलना करण्यात अर्थ नाही. गुगलने २०१४ मध्ये अँड्रॉइडचे १०० कोटी ‘वापरकर्ते’ सांगितले, तर २०१७ मध्ये २०० कोटी ‘उपकरणे’. शब्द बदलला हे बरेच झाले. अ‍ॅपलने २०१८ च्या अखेरीस आयफोनचे किती नग विकले हे सांगणे थांबवले. सक्रिय उपकरणांचा आकडा मात्र जानेवारी २०२५ मध्ये २३५ कोटींवर गेल्याचे सांगितले. विक्री मंदावली तरी हा आकडा चढताच राहू शकतो, म्हणून कंपन्यांना तो लाडका.

फोन आणि माणूस यांचा हिशेब विदर्भाच्या खेड्यात तर मुळीच जुळत नाही. घरात टचचा मोबाइल एकच. दिवसा पोरीच्या अभ्यासाला, रात्री बापाला कापसाचे भाव पाहायला. २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकांच्या सरकारी नोंदीत, शेजारच्या पोराच्या फोनवरून अनेक कास्तकारांची नोंद होते: खातेदार अनेक, उपकरण एक. उलट डबल सिमवाला एकटा माणूस दूरसंचार कंपन्यांच्या यादीत दोन ग्राहक होऊन बसतो.

सिमची सक्रियता ट्राय, म्हणजे केंद्राचे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वेगळ्या रीतीने मोजते. टॉवरच्या टप्प्यात असलेल्या फोनांची नोंद नेटवर्कच्या व्हीएलआर नावाच्या नोंदवहीत होते. महिन्यातल्या सर्वाधिक नोंदीच्या दिवसाचा आकडा ग्राह्य धरतात. संपर्क तुटलेल्या फोनची नोंद जास्तीत जास्त ७२ तासांत पुसली जावी, अशी अट आहे. हे आकडे सर्कलवार, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या विभागांनुसार निघतात. विदर्भ महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो, त्यामुळे त्याचा वेगळा आकडा दिसत नाही.

मेळघाटातल्या रेंज नसलेल्या गावचा माणूस आठवडी बाजाराला धारणीत येतो, तेव्हा त्याच्या फोनला टॉवर सापडतो. सर्वाधिक नोंदीचा दिवस बाजारानंतरच्या तीन दिवसांत पडला नाही, तर ट्रायच्या लेखी त्याचे सिम निष्क्रिय. तिथेच त्याने व्हॉट्सअ‍ॅप उघडून पाहिले असेल, तर त्या कंपनीच्या लेखी तो महिनाभर सक्रिय.