पाझर तलावाच्या भरावाची तपासणी आणि दुरुस्ती : पुणे जिल्ह्यात अर्ज कुठे, कसा, कशासोबत

गावाच्या वरच्या अंगाच्या तलावातून पाणी झिरपायला लागलं की पहिला अर्ज बहुतेक वेळा तहसील कचेरीत जातो. तिथून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' एका खात्याकडे, तिथून 'सदर तलाव या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही' असा शेरा घेऊन दुसऱ्या खात्याकडे. तोवर जून उजाडतो आणि मातीकाम बंद होतं. म्हणून अर्जाचा मजकूर नंतर, आधी तलावाचा मालक शोधायचा.

तलाव कोणाचा?

ढोबळ नियम सिंचन क्षमतेचा आहे. १०० हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव, गाव तलाव आणि लघु पाटबंधारे तलाव जिल्हा परिषदेकडे. त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे, ज्याची पुण्यातली कार्यालयं मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात आहेत. जुन्या तलावांच्या बाबतीत मात्र हस्तांतरण झालंय की नाही हे कागदावरच बघावं लागतं. छोटे माती नालाबांध बऱ्याचदा कृषी विभागाचे असतात, वनहद्दीतले वन विभागाचे.

इथे एक ठेच हमखास लागते. 'जिल्हा जलसंधारण अधिकारी' हे पद जिल्हा परिषदेतही आहे आणि राज्याच्या मृद व जलसंधारण विभागातही. पत्त्यात नुसतं पदनाम लिहिलं तर अर्ज भलत्याच टपालात जातो. पदापुढे 'जिल्हा परिषद, पुणे' किंवा 'मृद व जलसंधारण विभाग, पुणे' हे पूर्ण लिहा.

मालक शोधायला तलावाचा गट नंबर घ्या आणि सातबारावर कब्जेदार व इतर हक्क या दोन्ही रकान्यांत कोणत्या खात्याचं नाव आहे ते पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तरी उलगडा झाला नाही तर माहितीचा अधिकार वापरा: साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. मालकीबरोबरच तलावाचं बांधकाम वर्ष, उंची, साठा, सांडव्याची (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची) लांबी, मूळ नकाशा आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल त्याच अर्जात मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विषय १५० शब्दांत बसवावा लागतो.

धरण सुरक्षा कायदा लागू होतो का?

धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. तो 'विनिर्दिष्ट' धरणांना लागू होतो. म्हणजे उंची १५ मीटरपेक्षा जास्त, किंवा १० ते १५ मीटर असून त्याच्या जोडीला ठरलेल्या अटींपैकी एखादी असावी. माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी, या त्यातल्या आपल्या भागात कामाला येणाऱ्या दोन अटी. उंची नाल्याच्या तळापासून नाही, पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतात. त्यामुळे वरून ९ मीटर दिसणारा भराव कागदावर १० च्या पुढे जाऊ शकतो. मूळ नकाशा मागायचा तो यासाठीच.

या व्याख्येत बसणाऱ्या धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं मालक खात्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. अर्जात कायद्याचं नाव घालून दोन्ही अहवालांच्या प्रती मागता येतात. पण पाझर तलावांतले कितीतरी या व्याख्येबाहेर राहतात, आणि त्यांच्या खालीही घरं, विहिरी, शाळा असतातच. तिथे गावाचा अर्ज आणि पाठपुरावा हाच मुख्य आधार. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, ते मोठं धरण होतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे छोटं होतं, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि गावकऱ्यांनी गळतीची तक्रार त्याआधीच केलेली होती.

अर्जाआधी भरावावर काय पाहायचं

'तलाव धोकादायक झाला आहे, तरी कृपया दखल घ्यावी' एवढ्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. त्याला जागा आणि माप लागतं. भरावाच्या एका टोकाला शून्य धरून टेपनं दर ३० मीटरवर चुन्याची खूण करा आणि प्रत्येक दोष 'डाव्या टोकापासून ९० मीटरवर, पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या उतारावर, पायथ्यापासून २ मीटर वर' अशा भाषेत लिहा. डावं-उजवं प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात.

सगळ्यांत महत्त्वाची गळती. पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधलेला असतो, पण पाणी तळातून जमिनीत मुरायला हवं, भरावातून फुटून नव्हे. खालच्या शेतात किंवा दगडी पायथ्याशी स्वच्छ, एकसारखं पाणी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. नोंद मात्र ठेवा. पाणी गढूळ येत असेल, किंवा तलावाची पातळी तीच असताना गळती वाढत असेल, तर आतली माती वाहून पोकळ नळी तयार होतेय. हे पारखायला पारदर्शक बाटलीत पाणी भरून अर्धा तास ठेवा आणि तळाशी गाळ बसतो का पाहा. मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं: १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर सेकंदाला पाऊण लिटर. दर आठवड्याला तारीख, तलावाची पातळी आणि हे माप वहीत लिहा. चार आठवड्यांची ही वही दहा निवेदनांना भारी पडते.

विमोचकाच्या (तलावातलं पाणी सोडायच्या दाराच्या) नळाभोवती खास बघा. नळ आणि माती यांच्या सांध्यात दाबाई नीट झालेली नसते, म्हणून गळती तिथे लवकर सुरू होते. भेगांमध्ये भरावाच्या लांबीला आडवी जाणारी, म्हणजे पाण्याकडून खालच्या बाजूला जाणारी भेग जास्त घातक, कारण पाण्याला ती आयती वाट देते. बाभळी आणि झुडपांची मुळं, घुशींची बिळं, निसटलेलं पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर), माथ्यावर गाडीच्या चाकोरीनं खचलेला भाग, भराव फोडून टाकलेली शेताची पाइपलाइन, पायथ्याला लागून खोदलेली विहीर, गाळ काढताना भरावाच्या बुडापर्यंत नेलेलं पोकलेन, हे सगळं फोटोसह नोंदवा.

आणि सांडवा. दोन फूट पाणी जास्त अडावं म्हणून सांडव्यावर पोती किंवा फळ्या लावतात. हेतू वाईट नसतो, पण परिणाम भयंकर. सांडवा ६० सेंटिमीटर उंचावला की पुराची पातळीही जवळपास तेवढीच चढते आणि माथ्याखाली राखलेलं सुरक्षित अंतर तितकं कमी होतं. मातीच्या भरावावरून पाणी ओसंडलं की त्याला वाचवणं जवळजवळ अशक्य. हा दोष दुरुस्त करायला निधी लागत नाही, फक्त गावाचं एकमत लागतं. अर्ज देण्याआधी पोती काढा, नाहीतर तपासणी अहवालात दोष गावावर येईल.

अर्ज आणि कागदपत्रं

तक्रार कोणीही करू शकतो, शुल्क नाही. दुरुस्तीच्या मागणीला मात्र ग्रामसभेचा ठराव जोडा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी ते. ठरावात तलावाचं नाव, गट नंबर आणि नेमकी मागणी हवी: तपासणी, सांडवा मोकळा करणं, झाडं काढणं, गळतीवर उपाय, जे असेल ते.

ठरावाच्या साक्षांकित प्रतीसोबत सातबारा, गाव नकाशाची प्रत, दोषांचा तक्ता, तारखेचे फोटो, गळतीची वही आणि भरावाखालच्या ओढ्याकाठची घरं, शाळा, पूल, विहिरी यांची यादी लावा. ही यादी बहुतेक जण विसरतात, खरं तर कामाचा प्राधान्यक्रम तिच्यावरूनच ठरायला हवा. मूळ अर्ज मालक खात्याला, प्रत गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.

वेळेचं गणित उलटं मांडा. पुण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, त्यामुळे मातीकाम मेअखेर संपायला हवं. त्याआधी स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. म्हणून ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. १ मेची ग्रामसभा त्या वर्षासाठी उशिराची. भोर, राजगड, मुळशी, मावळ या पावसाच्या तालुक्यांत तर पावसाळा संपताच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहणी करून घेतलेली बरी. तलाव भरलेला असतो तेव्हा गळती दिसते. मार्चमध्ये कोरड्या तलावावर आलेल्या अभियंत्याला ती दाखवणार कशी?

अर्ज अडकला तर २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्याचा आधार घ्या. नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो सांगतो. 'आमच्या अर्जाची नस्ती कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे' एवढाच प्रश्न माहिती अधिकारात विचारा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाचंच निवेदन घेतात. संपूर्ण गावाच्या सह्यांचा कागद परत येतो. भरावाखाली ज्याचं घर किंवा शेत आहे त्यानं स्वतःच्या नावानं आणि विहित नमुन्यात द्यावं.

पाऊस पडत असताना

गढूळ गळती अचानक वाढली, भरावालगत पाण्यात भोवरा दिसला, उताराचा तुकडा घसरला किंवा पाणी माथ्याशी भिडायला आलं, तर अर्जाची वेळ संपली. १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर गाव, तालुका, तलावाचं नाव, पाणी माथ्यापासून किती खाली आहे आणि ओढ्याकाठी किती घरं आहेत हे सांगा. ओढ्याकाठची माणसं आणि जनावरं लगेच उंचावर हलवा, पुढच्या गावाच्या पोलीस पाटलांना कळवा. सुरक्षितपणे पोचता येत असेल तरच विमोचक पूर्ण उघडा आणि सांडव्यातला अडथळा काढा. गळतीच्या तोंडावर प्लास्टिक किंवा चिकणमाती दाबू नका. पाणी तिथे कोंडतं आणि शेजारून जास्त जोरानं फुटतं. अभियंते तिथे वाळू आणि खडीचे थर देतात, म्हणजे पाणी निघतं पण माती अडते. पाणी कमी करण्यासाठी भराव स्वतः फोडायचा विचार तर कोणत्याही परिस्थितीत करू नका: जेसीबीनं पाडलेली फूटभर चर काही मिनिटांत सगळा भराव घेऊन जाऊ शकते.