दाह आवरणारी औषधं आणि टीबीचं शहर

२०२० च्या मे-जूनमध्ये मुंबईतल्या कोविड वॉर्डांबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना काही रक्ततपासण्यांची नावं पाठ झाली होती. सीआरपी किती आलं, फेरिटिन किती, डी-डायमर वाढलंय का, आयएल-सिक्स पाठवलंय का. ‘सायटोकाइन स्टॉर्म’, म्हणजे दाह घडवणाऱ्या रेणूंची रक्तात उसळी, आहे असं डॉक्टर म्हणाले की विषय टॉसिलिझुमॅब या दाह आवरणाऱ्या इंजेक्शनवर यायचा. ४०० मिलिग्रॅमच्या बाटलीला साधारण ४० हजार रुपये, तेही मिळालं तर. त्या दिवसांतल्या निर्णयांबद्दल आजही दोन टोकांची मतं ऐकू येतात. ती नीट समजायची तर हे औषध मुळात कोणत्या आजारासाठी घडलं आणि त्याच्या आधी आलेल्या औषधांचा या शहरातला अनुभव काय होता, हे आधी पाहायला हवं.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना या दाहाच्या चार खुणा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन ग्रंथात नोंदलेल्या आहेत. त्या कोण घडवून आणतं याचा उलगडा मात्र विसाव्या शतकातला. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस टोचायला लागले तेव्हा टोचून घेणाऱ्यांना ताप भरायचा, हात सुजायचा. लशीतले जंतू तर मारलेले होते. १९४० च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की ताप आणणारा पदार्थ शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींतून निघतो. पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात अशा या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. १९५७ मध्ये लंडनमध्ये इंटरफेरॉन सापडलं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठी सुकवणारा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, हाती लागला. यांतल्या काहींसाठी इंटरल्युकिन (आयएल) हे नाव आणि त्यापुढे क्रमांक लावायची पद्धत १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरली.

१९८५ मध्ये एक गोष्ट उघड झाली आणि पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातून आली. लांबलेल्या आजारात जनावरांना खंगवणारा ‘कॅकेक्टिन’ नावाचा पदार्थ आणि गाठी सुकवणारा टीएनएफ हे एकच निघाले. पुढच्याच वर्षी ओसाकामध्ये बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला लावणाऱ्या रेणूचं जनुक वेगळं केलं गेलं. यकृताला सीआरपी हे दाहाचं सूचक प्रथिन बनवायला लावणारा रेणू तोच, आणि मायलोमा या कर्करोगाच्या पेशी वाढवणाराही तोच. त्यालाच आज आपण आयएल-सिक्स म्हणतो. एका सायटोकाइनकडे अनेक कामं, आणि एकाच कामावर अनेक सायटोकाइन. शिवाय परिणाम जागेवर आणि मात्रेवर ठरतो. बोटाला काटा टोचला तर तिथल्या तिथे सुटलेला टीएनएफ रक्तवाहिनीची भिंत सैल करतो आणि पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात. तोच टीएनएफ सगळ्या रक्तात उसळला तर सगळ्याच रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. आयएल-टेनसारखे आवर घालणारे सायटोकाइनही याच वेळी बनत असतात. रुग्णाचं पुढे काय होणार हे बरंचसं या दोन बाजूंच्या तोलावर अवलंबून असतं.

या रेणूंचा प्रताप मुंबईने त्यांची नावं कळण्याच्या कितीतरी आधी पाहिला होता, तो कुष्ठरोगात. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय १८९० चं. एकाच जंतूमुळे एका रुग्णाला एखाददुसरा बधिर चट्टा येतो, तर दुसऱ्याच्या सगळ्या त्वचेत जंतू भरतात. हे असं का होतं, याचं बरंचसं उत्तर १९९१ मध्ये चट्ट्यांचे तुकडे तपासल्यावर मिळालं. पहिल्या प्रकारात इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-टूचा जोर होता, दुसऱ्यात आयएल-फोर आणि आयएल-टेनचा. उपचार चालू असताना, जंतू मरत असतानाच, काही रुग्णांना सणसणून ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, नसा सुजतात. औषधानेच आजार वाढवला असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. या रिॲक्शनवर थॅलिडोमाइड चालतं हे १९६५ पासून माहीत होतं. का चालतं ते १९९१ मध्ये कळलं: ते टीएनएफची निर्मिती कमी करतं. म्हणजे टीएनएफ खाली आणणारं औषध कुष्ठरोगाच्या वॉर्डात पंचवीस वर्षं दिलं जात होतं आणि ते नेमकं काय करतं याची कुणाला कल्पना नव्हती. आज सायटोकाइनरोधक औषधांचा इतिहास सांगताना संधिवातापासून सुरुवात केली जाते. कुष्ठरोग्यांचा हा अध्याय गाळला जातो, आणि तसं करणं मला अन्यायाचं वाटतं.

टीएनएफला थेट अडवणारी पहिली औषधं, इन्फ्लिक्सिमॅब आणि एटानर्सेप्ट, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसने बोटं वाकलेल्या, सकाळी तास-दोन तास मूठ न वळणाऱ्या माणसांचं आयुष्य या औषधांनी बदललं, यात वाद नाही. पण २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना टीबी झाल्याचा अहवाल आला. बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. कारण स्पष्ट होतं. टीबीचा जंतू शरीरात शिरला की पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन त्याला कोंडतात, आणि ते कोंडाळं टिकवून धरण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ काढून घेतला की कोंडलेले जंतू मोकळे होतात.

युरोप-अमेरिकेसाठी ही पत्रकावर छापायची धोक्याची सूचना होती. मुंबईसाठी ती रोजच्या ओपीडीची गोष्ट झाली. चाळीत, लोकलच्या डब्यात, दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या किती जणांच्या फुप्फुसात झोपलेला टीबी असेल! म्हणून इथे बायोलॉजिक, म्हणजे सायटोकाइन अडवणारं असं इंजेक्शन, सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू ही त्वचेत टोचून करायची टीबीची चाचणी आणि लॅबवाले ज्याला ‘टीबी गोल्ड’ म्हणतात ती रक्ततपासणी, हा शिरस्ता पडला. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे मांटू फसू शकते, टीबी गोल्ड त्या लशीने फसत नाही.

ही तपासणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तीही सायटोकाइनच मोजते. रक्त चार छोट्या नळ्यांत घेतात, प्रत्येकीत साधारण एक मिलिलिटर. एक नळी कोरी. दोन नळ्यांच्या आतल्या भिंतीवर टीबीच्या जंतूची प्रथिनं लावलेली असतात. चौथीत कोणत्याही टी पेशीला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीला, चेतवणारं रसायन असतं. नळ्या हलवून ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात. रक्तातल्या टी पेशींनी टीबीचा जंतू पूर्वी ओळखलेला असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. कोऱ्या नळीपेक्षा ते ०.३५ युनिट किंवा त्याहून जास्त भरलं तर रिपोर्ट पॉझिटिव्ह धरला जातो. जास्त स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णाच्या पेशी कधीकधी चौथ्या नळीतही गप्प राहतात, आणि रिपोर्टवर ‘इनडिटर्मिनेट’ असं येतं. त्याचा अर्थ निगेटिव्ह असा नाही. तसंच पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा आजार झालाच, असंही नाही. सुप्त संसर्ग ठरला तर प्रतिबंधक औषधं सुरू करायची, निदान महिनाभर द्यायची आणि मगच बायोलॉजिकला हात घालायचा, अशी पद्धत रूढ झाली. २०१४ च्या अखेरीस ॲडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती मूळ औषधाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या किमतीत आली, आणि मग ही काळजी मोठ्या खासगी रुग्णालयांपुरती उरली नाही.

टॉसिलिझुमॅबची वाट वेगळी. आयएल-सिक्सचा निरोप जिथे पोहोचतो तो ग्राहीच ते अडवून धरतं. २००५ मध्ये जपानमध्ये ते कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी मंजूर झालं, नंतर संधिवातासाठी. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाच्या एका लहान मुलीला कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगावर हल्ला करायला बदललेल्या टी पेशी, दिल्यावर ती अत्यवस्थ झाली. तिच्या रक्तात आयएल-सिक्स प्रचंड वाढलेलं दिसलं. उपचार करणाऱ्या चमूतल्या एका शास्त्रज्ञाच्या मुलीला संधिवात असल्यामुळे त्यांना हे औषध ठाऊक होतं. ते दिलं आणि मुलगी सावरली. कार-टीनंतरच्या सायटोकाइन उसळीवर २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि ‘सायटोकाइन स्टॉर्म म्हणजे टॉसिलिझुमॅब’ हे समीकरण डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं.

हेच समीकरण २०२० मध्ये कोविडला लावलं गेलं, आणि वादाचं मूळ इथे आहे. १३ जून २०२० च्या केंद्रीय उपचारसूचीत टॉसिलिझुमॅब प्रायोगिक उपचार म्हणून आलं. ऑक्सिजनची गरज वाढत चाललेल्यांना द्यावं, पण आधी इतर संसर्ग आणि टीबी नसल्याची खात्री करावी, असं तिथे लिहिलं होतं. धावपळीच्या वॉर्डात, पीपीई घालून, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत असताना टीबी नाही हे कुणी कसं ठरवायचं? कागदावरची अट योग्य होती. ती पाळायला लागणारा वेळ कुणाकडेच नव्हता.

त्याहून मूलभूत प्रश्न आकड्यांचा होता. कार-टीनंतरच्या उसळीत आयएल-सिक्सची सरासरी मिलिलिटरला तीन हजार पिकोग्रॅमच्या घरात असते. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागल्यावर, ती हजाराच्या आसपास. गंभीर कोविडच्या वेगवेगळ्या अभ्यासांची २०२० मध्ये एकत्रित मांडणी झाली, तेव्हा सरासरी निघाली ३७ च्या आसपास. कार-टीच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा. ज्या उसळीच्या नावाने औषध दिलं जात होतं, ती त्या मापात तिथे नव्हतीच. दाह होता, फुप्फुसांत भरपूर होता, तो खरा होता. पण साम्य गृहीत धरलं गेलं, तपासलं गेलं नाही.

याच काळात, जुलै २०२० मध्ये, इटोलिझुमॅबला आणीबाणीपुरती मर्यादित मंजुरी मिळाली. सोरायसिससाठी २०१३ पासून भारतात असलेलं हे औषध टी पेशींवरच्या सीडी-सिक्सला अडवतं. मंजुरीमागचा अभ्यास मुंबई आणि दिल्लीतल्या रुग्णालयांतल्या ३० रुग्णांचा. औषध मिळालेल्या २० पैकी कुणी दगावलं नाही, न मिळालेल्या १० पैकी तिघे गेले. आशा वाटावी असे आकडे, पण एवढ्या लहान गटात दोन-तीन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष बदलतो. कोविडसाठीच्या राष्ट्रीय कृतिगटाने ते उपचारसूचीत घेतलं नाही. नियामकाने मंजूर केलेलं औषध तज्ज्ञांच्या यादीत नाही, आणि मधल्या मधे रुग्णाच्या मुलाने कर्ज काढायचं की नाही ते ठरवायचं, अशी अवस्था झाली. त्या साथीतला हा सर्वांत चुकीचा निर्णय होता असं मी म्हणणार नाही. पण एवढ्याशा पुराव्यावर मंजुरी देण्याची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली, हे म्हटलंच पाहिजे.

खरा आधार त्याआधीच मिळाला होता. १६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला: रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा नाही. एकाच वेळी अनेक सायटोकाइन दाबणारं, कोणत्याही मेडिकलच्या दुकानात काही रुपयांत मिळणारं हे जुनं औषध. टॉसिलिझुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्या, भारतातल्या १२ रुग्णालयांतल्या १८० रुग्णांची धरून, ठोस फायदा दाखवू शकल्या नाहीत. २०२१ मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला: २८ दिवसांत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर. तोही अशा रुग्णांत, ज्यांचा ऑक्सिजन घसरत होता, सीआरपी ७५ किंवा त्यावर होतं आणि ज्यांतले बहुतेक आधीच स्टिरॉइडवर होते. शंभरात चार जीव हा लहान आकडा नाही. पण वॉर्डाबाहेर ज्या चमत्काराची वाट पाहिली जात होती, तो हा नव्हता.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सूचना नेमक्या झाल्या: गंभीर आजार सुरू झाल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत, सीआरपी बरंच वाढलेलं असताना, स्टिरॉइडने उतार पडत नसेल तर, आणि जिवाणू, बुरशी किंवा टीबीचा संसर्ग नसताना. तोवर औषधच बाजारातून गायब झालं होतं. ज्यांना मिळालं त्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांना क्वचितच समजावून सांगितली गेली. टॉसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरतं, कारण यकृताला आयएल-सिक्सचा निरोपच मिळत नाही. उलट रक्तातलं आयएल-सिक्स वाढलेलं दिसतं, कारण ग्राही अडवल्यामुळे ते वापरलं जात नाही. त्यामुळे सीआरपी खाली आलं म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकायचा आणि आयएल-सिक्स वाढलं म्हणून घाबरायचं, या दोन्ही गोष्टी चुकीच्या. त्याच शांत दिसणाऱ्या सीआरपीआड नवा जिवाणूसंसर्ग किंवा बुरशी वाढत असली, तर ती उशिरा लक्षात यायची.

त्यानंतर बायोलॉजिकचं इंजेक्शन टाळून तोंडाने घेता येणाऱ्या गोळ्यांचा वापर वाढला. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या गोळ्या पेशीच्या आतली ‘जॅक’ एन्झाइम्स अडवतात. अनेक सायटोकाइनचे निरोप याच एन्झाइम्समार्फत आत जातात, म्हणून परिणाम एकाच रेणूपुरता राहत नाही. भारतीय जेनेरिकमुळे त्या संधिवाताच्या कितीतरी रुग्णांच्या आवाक्यात आल्या. टीबी आणि नागीण यांचा धोका इथेही आहे. गोळी म्हटलं की तपासण्या न करता सुरू करण्याचा मोह होतो, आणि तो मोह या शहरात परवडणारा नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या आणि परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तपासलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या तुलनेत त्याचा खर्च फारच कमी. अशा वॉर्डात पेशी चढवण्याआधी टॉसिलिझुमॅब हाताशी असल्याची खात्री केली जाते. ताप चढला, रक्तदाब उतरू लागला, ऑक्सिजन कमी झाला, तर या खुणांवरून उसळीची पायरी ठरते आणि त्या पायरीनुसार डोस दिला जातो. आयएल-सिक्सच्या रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही.