बॅटरी उतरली, की कुणी उतरवली?

नवी बॅटरी टाकून तिसराच दिवस. सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता कट-कट करून गप्प. वॉचमनने धक्का मारला, शेजारच्या काकांनी "बाहेरची बाधा दिसते, बंपरला लिंबू-मिरची बांध" असा सल्ला दिला. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली तर जेमतेम 0.9 व्होल्ट मिळतात, हे त्यांना सांगायचा मोह मी आवरला. आठवड्यापूर्वी जुनी बॅटरी अशीच एका रात्रीत उतरली, म्हणून मीही विचार न करता बदलून टाकली होती. म्हणजे मी तरी कुठे शहाणा!

बॅटरीला पाण्याची टाकी समजा. सकाळी टाकी रिकामी मिळते, तेव्हा एकतर टाकीत गाळ साचून तिची जागाच कमी झालेली असते, नाहीतर कुठला तरी नळ रात्रभर गळत असतो. पहिला प्रकार जुन्या बॅटरीत होतोच. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. पण माझी टाकी नवी कोरी होती. चांगली बॅटरी नुसती ठेवून महिन्याला काही टक्केच उतरते. (फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते हा समज लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून फरशीत काही झिरपत नाही.)

लॉक केलेली गाडीही थोडी वीज पीत असते. घड्याळ, रिमोटची वाट पाहणारं लॉक, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं मिळून साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर. 12 तासांत 30 मिलिअँपिअरने 0.36 अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची, म्हणजे हे चिमणीनं तळं पिण्यासारखं. दोन रात्रींत बॅटरी झोपवायची तर अँपिअरभर करंट कुणीतरी खायला हवा.

तो शोधायची प्रचलित रीत अशी: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर (करंट, व्होल्टेज मोजणारा मीटर) जोडायचा आणि एकेक फ्यूज उपटत कुठे आकडा पडतो ते बघायचं. रीत चांगली आहे, पण हल्लीच्या गाड्यांत फसते. दार उघडलं, केबल काढली, फ्यूज परत बसवला, की आतले कॉम्प्युटर जागे होतात आणि पुन्हा झोपायला अर्धा तासही घेतात. शिवाय मीटर जोडलेला असताना चुकून किल्ली फिरवली तर मीटरचाच फ्यूज जातो.

म्हणून मला दुसरी रीत फार आवडते. तिच्यात काही उपटायचंच नाही. फ्यूजच्या माथ्यावर, रंगीत प्लास्टिकमध्ये, धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात. ते मीटरची टोकं टेकवण्यासाठीच ठेवलेले. फ्यूजमधली पट्टी मुद्दाम बारीक केलेली असते, कारण तिला थोडा रोध हवाच. रोध नसेल तर जास्त करंटने ती तापणार कशी आणि वितळणार कशी? 15 अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण 5 मिलिओहम, 10 अँपिअरच्याचा 7 ते 8. आता शाळेतला ओहम आठवा. करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 1 अँपिअर वाहत असेल तर त्याच्या दोन ठिपक्यांमध्ये 5 मिलिव्होल्ट दिसतील. काहीच वाहत नसेल तर शून्य. फ्यूज जितका मोठा तितका रोध कमी, त्यामुळे तेवढ्याच करंटला मोठ्या फ्यूजवर आकडा लहान दिसतो. तेवढा हिशेब ठेवायचा. साधा मीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवला की पुरतो.

दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून खटका पाडला, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं. रिमोटची किल्ली घरात ठेवली. चाळीस मिनिटांनी टॉर्च घेऊन फ्यूजबॉक्ससमोर उकिडवा बसलो. शून्य, शून्य, 0.1, शून्य... आणि म्युझिक सिस्टिमच्या 15 अँपिअरच्या फ्यूजवर 4.8.

म्हणजे जवळजवळ एक अँपिअर! महिन्यापूर्वी बसवलेला टचस्क्रीन डेक. किल्ली काढली तरी त्याचा पडदा विझायचा नाही, म्हणून मी रोज बटण दाबून तो काळा करायचो, आणि यात काही गडबड असेल हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं. अशा डेकला पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची असते, मेमरीपुरती. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळली होती. पडदा काळा, पण आतला प्रोसेसर रात्रभर टक्क जागा. लाल वायर सुटी करून किल्लीच्या लाइनवर जोडली. अर्धा तास थांबून बघितलं, फ्यूजवर 0.0.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील आणि तरी बॅटरी उतरत असेल, तर अल्टरनेटरकडे, म्हणजे गाडी चालताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे, बघा. त्याची जाड केबल बहुधा या छोट्या फ्यूजमधून जातच नाही आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला एखादा डायोड बिघडला की करंट उलटा वाहतो. तपासायला ती केबल सुटी करताना आधी निगेटिव्ह काढा, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणग्या उडतील.

आता माझी गाडी रात्री 30 मिलिअँपिअर खाते. पण गणपतीला गावी जाऊन तीन आठवडे ती उभी राहिली, तर तेवढ्यानेही 15 अँपिअर-तास जातील. निघायच्या आधी 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवतो. परत आल्यावर घड्याळ लावावं लागतं, एवढंच.