नैराश्यावरील मानसोपचार आणि रुग्णातील बदल

नैराश्यावर बोलण्यातून उपचार सुरू झाल्यावर व्यक्तीची आशा, दिनक्रम, विचार करण्याची रीत आणि नाती यांत हळूहळू फरक पडत जातो. हे सगळे एकाच वेगाने बदलत नाही. बरे वाटणे अनेकदा मागाहून येते. त्याआधी माणूस काहीतरी वेगळे करू लागलेला असतो आणि ते त्याच्याआधी घरच्यांच्या लक्षात येते. हा क्रम ठाऊक नसल्याने ‘एवढे बोलून काय झाले?’ म्हणत उपचार अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ आहेत, आणि नेमके हेच टाळता येण्यासारखे असते.

नाशिक परिसरात उपचाराची सुरुवात क्वचितच ‘उदास वाटते’ या शब्दांनी होते. झोप लागत नाही, अंग जड झाले, पित्त वाढले, डोके धरले, अशा तक्रारी घेऊन माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. पेठ किंवा सुरगाण्याहून शहरात समुपदेशकाबरोबरच्या बैठकीला यायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही सोसावी लागतात. त्यामुळे दर आठवड्याला येण्याचा सल्ला पाळता आला नाही, तर तो रुग्णाचा निरुत्साह समजणे अन्यायाचे आहे.

पहिला फरक आशेचा असतो. मानसोपचाराचे संशोधक केनेथ हॉवर्ड व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार आधी उमेद परतते, मग लक्षणे कमी होतात आणि जगण्याच्या जुन्या सवयी सर्वांत शेवटी बदलतात. त्यांच्याच १९८६ च्या विश्लेषणात सुमारे निम्म्या रुग्णांत ८ बैठकींपर्यंत, तर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत २६ बैठकींपर्यंत सुधारणा आढळली होती. कोणीतरी न रागावता, न घाई करता ऐकून घेतले, याचा दिलासा मोठा असतो. पण केवळ तेवढ्यावर आजार उतरत नाही.

खरे काम पुढे सुरू होते. निफाड तालुक्यातला एखादा द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणावा. गारपिटीत घड गेले, सोसायटीचे कर्ज थकले, आणि आता तो बागेकडे फिरकतही नाही. दिवसभर ओसरीवर पडून असतो. समुपदेशक त्याला ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगत नाही. साध्या वहीत तासातासाची नोंद करायला सांगतो: सात वाजता चहा, समाधान शून्य, आठ वाजता दोन ओळी चालून आलो, समाधान एक, दुपारी भावाशी छाटणीबद्दल बोललो, समाधान दोन. मन लागेल तेव्हा करू, ही वाट न पाहता ठरल्या वेळी छोटे काम करायचे, एवढाच नियम. याला वर्तन सक्रियता म्हणतात. नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये केलेल्या तुलनेत एवढा भागदेखील संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचाराइतकाच, परिणामकारक ठरला. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकींत हीच पद्धत वापरली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या पातळीखाली आले, तर नेहमीचीच काळजी मिळालेल्या गटात ३९ टक्के. तालुक्याच्या गावापर्यंत उपचार न्यायचे असतील, तर नाशिकसारख्या जिल्ह्याला याहून उपयुक्त पुरावा नाही.

विचारांतला बदल बोलण्यातून कळतो. ‘मी घराला भार झालो’ हे आधी निर्विवाद सत्य म्हणून सांगितले जाते. काही आठवड्यांनी तोच माणूस म्हणतो, ‘रात्री असे वाटायला लागते.’ विचार आला तरी तो विचारच आहे हे उमगणे, हा अॅरन बेक यांनी विकसित केलेल्या बोधात्मक उपचाराचा गाभा. काहींत ही प्रगती एकदम होते. टँग आणि डीरुबिस या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, की अशा रुग्णांत दोन बैठकींमधल्या एकाच टप्प्यात एकूण सुधारणेचा निम्म्याहून अधिक भाग साधला जातो, आणि त्याच्या लगेच आधीच्या बैठकीत विचारांत ठळक बदल झालेला असतो.

घरातली वागणूक सुधारायला वेळ लागतो. सून बरी होऊ लागली की ‘नाही’ म्हणायला शिकते, आणि सासरी ते बिघडणे वाटू शकते. बरोबर आलेल्या नातेवाइकांशी रुग्णाच्या संमतीने बोलणे म्हणूनच उपचाराचाच भाग ठरते.

प्रगती मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही ० ते २७ गुणांची प्रश्नावली मराठीतही वापरतात. एकूण गुण पाचने घटले तर फरक अर्थपूर्ण मानतात. मात्र नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. बेरीज कमी झाली तरी त्याचे उत्तर वेगळे पाहावेच लागते. याबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

साधारण ५ ते १० टक्के रुग्णांची अवस्था उपचार चालू असताना खालावते. तेव्हा पद्धत बदलणे, औषधांचा विचार करणे किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणे योग्य. बरे झाल्यावर नैराश्य पुन्हा येण्याचीही शक्यता असते. स्टीव्हन हॉलन यांच्या २००५ च्या अभ्यासात बोधात्मक उपचार संपवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के, तर औषधे थांबवलेल्यांपैकी ७६ टक्के रुग्ण वर्षभरात पुन्हा आजारी पडले. शेवटच्या बैठकींत म्हणून आपापल्या धोक्याच्या वेळा लिहून काढतात. बागायतदारासाठी त्या ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस किंवा मार्चमधली कर्जवसुली अशा असू शकतात. झोप सलग बिघडली, बागेत जाणे टळू लागले, की कोणाला फोन करायचा हेही त्यात असते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू असलेली टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.