कायनेसिन

कायनेसिन : पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून (प्रथिनांच्या अतिबारीक नळ्यांवरून) पावले टाकत चालणारे आणि पुटिका (पटलाच्या छोट्या पिशव्या), तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) असा माल वाहून नेणारे प्रथिन. चालण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूपासून मिळते. माणसाच्या कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) सुमारे मीटरभर लांब असतो. एवढ्या अंतरावर नुसत्या विसरणाने (रेणूंच्या आपोआप पसरण्याने) माल पोचणे अशक्यच. कायनेसिनमुळे तो दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर सरकतो.

रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी १९८५ मध्ये वुड्स होल (अमेरिका) येथे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूंवर काम करताना हे प्रथिन शोधले. एका निरीक्षणाचा त्यांना मोठा उपयोग झाला. एटीपीसारखाच, पण विघटन न होणारा रेणू मिसळला की पुटिका सूक्ष्मनलिकांना चिकटून जागीच थांबत. एटीपी दिल्यावर पकड सुटे.

चालण्याचे मर्म याच निरीक्षणात आहे. कायनेसिनला दोन डोकी असतात. पुढचे डोके सूक्ष्मनलिकेला धरून असताना त्यावर एटीपी येऊन बसतो. त्यासरशी डोक्याला जोडलेला छोटा पट्टा पुढच्या दिशेने डोक्याला चिकटतो आणि मागचे, सुटे झालेले डोके १६ नॅनोमीटर पुढे जाऊन पडते. माल मात्र ८ नॅनोमीटरच सरकतो. आता मागे राहिलेल्या डोक्यात एटीपीचे विघटन होते, फॉस्फेट बाहेर पडते आणि त्याची पकड ढिली होते. पुढे ढकलण्याचे काम एटीपी बसण्याने होते, तर विघटनामुळे पाऊल उचलता येते. ऊर्जा म्हणजे काहीतरी जाळणे, ही आपली सवयीची कल्पना इथे अपुरी पडते.

एका पावलाला एक एटीपी खर्च होतो. मालाला मागे खेचणारे बल साधारण ६ पिकोन्यूटन झाले की कायनेसिन अडते. त्या बलाला ८ नॅनोमीटरने गुणले, तर एका एटीपीतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा यांत्रिक कामी लागते, असे दिसते. इतक्या लहान यंत्राची ही कार्यक्षमता थक्क करणारी आहे.

ज्या वाटेवरून हे चालते, ती सूक्ष्मनलिकाही रासायनिक ऊर्जेवरच उभी असते. तिची बांधणी आणि मोडणी जीटीपी या एटीपीसारख्याच रेणूवर अवलंबून असते. उलट दिशेची वाहतूक डायनिन हे प्रथिन करते.

केआयएफ५ए या कायनेसिन जनुकात दोष असल्यास आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया होऊ शकतो. त्यात सर्वांत लांब अक्षतंतूंची हानी होते, पाय ताठरत जातात आणि चालणे अवघड होते.