भांग पाडा, मग थेंब सोडा

चिठ्ठीवर स्टिरॉइडच्या लोशनपुढे लिहिलेलं असतं, 'रात्री डोक्याला लावणे'. घरी आल्यावर माणूस काय करतो? बाटली उघडतो, तळहातावर भसकन लोशन ओततो आणि खोबरेल चोपडावं तसं डोक्यावर चोपडतो. केस भिजतात, उशी भिजते, थोडं कपाळावरून ओघळतं. ज्या त्वचेवर खपल्या आहेत तिच्या वाट्याला जेमतेम काही येतं. पंधरा दिवसांत बाटली संपते, खाज तशीच, आणि 'या औषधात काही दम नाही' असा निकाल लागतो. मग मेडिकलमधून 'याहून स्ट्राँग' काहीतरी आणलं जातं. डोक्याला लावायच्या स्टिरॉइडचे निम्मे घोळ इथे सुरू होतात, असं माझं मत आहे. औषध चांगलं असतं, पण ते केसांना लागतं, त्वचेला नाही.

स्टिरॉइड म्हटलं की जिममधली दंड फुगवणारी इंजेक्शनं आठवतात. ती जात वेगळी. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. औषध म्हणून त्यालाच हायड्रोकॉर्टिसोन म्हणतात. त्वचेला लावायची स्टिरॉइडं ही त्याची भावंडं. १९५२ साली अमेरिकेत मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट त्वचेवर लावून इसब शांत होतो हे दाखवलं. तेव्हा त्याला 'कंपाउंड एफ' म्हणत. त्याआधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे बहुतेक डांबर, गंधक आणि धीर एवढंच होतं.

हे औषध पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं, आणि ती जोडी केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या जनुकांना गप्प करते. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, खाज थांबते. पण त्वचेला जाडी देणारं कोलॅजन बनवणाऱ्या पेशीही त्याच तडाख्यात गप्प होतात. म्हणून लांबण लागली तर कातडी पातळ होते, तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. गुण ज्या वाटेने येतो त्याच वाटेने दोषही येतो. वेगळी वाट नाही.

आता ट्यूबवरच्या टक्क्यांबद्दल, कारण तिथे भलेभले फसतात. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सगळ्यात सौम्य गटातलं औषध. ०.०५ टक्के क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल गटातलं. आकडा वीस पट लहान, आणि ताकद कितीतरी मोठी. ही ताकद मोजण्याची युक्ती १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी मांडली: औषध अल्कोहोलमध्ये विरघळवून हाताच्या त्वचेवर लावायचं आणि ती किती पांढरी पडते ते पाहायचं. जितकी जास्त पांढरी, तितक्या रक्तवाहिन्या आकसल्या. त्यामुळे बाटली हातात आली की ब्रँडच्या ठसठशीत नावाखाली बारीक अक्षरात जे नाव असतं ते वाचावं. क्लोबेटासॉल किंवा हॅलोबेटासॉल असेल तर तो पहिलवान आहे हे ध्यानात ठेवावं.

पण त्वचा म्हणजे सगळीकडे एकच कापड नव्हे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं कॉर्टिसॉल शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावलं आणि लघवीत ते किती उतरतं ते मोजलं. कोपराखालच्या हाताची त्वचा १ भाग शोषत असेल, तर डोक्याची त्वचा साडेतीन, कपाळ ६ आणि जबड्याचा कोपरा १३ भाग शोषतो. तळपाय जेमतेम ०.१४. डोक्याची त्वचा हातापेक्षा जास्त पिते, कारण केसांची मुळं म्हणजे आत जाणारे बोळच, आणि डोक्यावर अशी मुळं सुमारे लाखभर असतात. तरी ती त्वचा जाड असते आणि पातळ पडायला सहजासहजी तयार होत नाही. म्हणूनच जे क्लोबेटासॉल डॉक्टर चेहऱ्यावर लावायला धजत नाहीत, तेच डोक्यावरच्या सोरायसिसला, म्हणजे खपल्यांवर खपल्या चढणाऱ्या त्वचारोगाला, लिहून देतात.

डोकं सोसतं. त्याचे शेजारी सोसत नाहीत. कपाळ, कानामागची घडी आणि सगळ्यात नाजूक म्हणजे पापण्या. ओघळ तिथे रोज पोचला तर चेहरा लाल राहतो, मुरमं उठतात, आणि औषध थांबवलं की आग होते म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. गोरेपणासाठी असली मलमं फासण्याचं वेड आपल्याकडे इतकं पसरलं, की अशा चेहऱ्यासाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना स्वतंत्र नाव शोधावं लागलं. डोळ्यात महिनोन् महिने जात राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. लोशन लावून झालं की हात साबणाने धुवा, असं सांगतात ते यासाठी.

मग लावायचं कसं? केस कोरडे असावेत. कंगव्याच्या टोकाने भांग पाडायचा, बाटलीचं नळकं त्या उघड्या रेषेला टेकवायचं, खपली किंवा लाली आहे तिथे दोन-तीन थेंब सोडायचे, बोटाच्या पेराने अलगद टेकवायचे. घासायचं नाही. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग. मागच्या बाजूला आपला हात पोचतो, डोळे पोचत नाहीत, तेव्हा घरातल्या कुणाला तरी बसवावं. निरोगी भागाला थेंबही नको. लोशन पूर्ण सुकल्यावरच उशीला डोकं टेकवावं, नाहीतर रात्रभर उशीवरून गालाला लागत राहतं. वर प्लास्टिकची टोपी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नये. झाकलेली, दमट त्वचा औषध कितीतरी जास्त शोषते. यातल्या बऱ्याच लोशनमध्ये अल्कोहोल असतं. खाजवून सोललेल्या जागी ते झणझणतं, आणि ते पेटही घेतं. देवापुढे निरांजन लावायचं असेल किंवा गॅसपाशी उभं राहायचं असेल तर आधी केस वाळू द्यावेत.

क्लोबेटासॉलचा शाम्पूही मिळतो आणि तो हमखास चुकीचा वापरला जातो. तो कोरड्या डोक्याला, त्वचेवर लावून १५ मिनिटं ठेवायचा आणि मग पाणी घालून फेस करून धुवायचा. आधी केस ओले करून नेहमीसारखा लावला तर औषध मोरीतून वाहून जातं.

खपल्यांचा जाड थर असेल तर सगळं लोशन त्या थरावरच अडतं. सोरायसिसमध्ये त्वचेची पेशी जन्मून गळायला एरवी लागणारा महिनाभराचा काळ चार-पाच दिवसांवर येतो, म्हणून खपलीवर खपली चढते. आधी सॅलिसिलिक आम्लाचं औषध किंवा साधं तेल लावून ती मऊ करावी, धुवावी, मग स्टिरॉइड. नखाने उचकटायचा मोह फार होतो, पण सोरायसिसला जखमेच्या जागी नव्याने उगवायची खोड आहे.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. सोरायसिसला चालतं ते तेल तेलकट, पिवळसर कोंड्याला चालत नाही. त्या कोंड्यामागे मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असतं आणि ते स्निग्धाम्लांवरच जगतं. आजीची चंपी कितीही प्रेमाची असली तरी इथे ती त्या यीस्टला जेवण वाढते. या दुखण्यात मुख्य काम २ टक्के केटोकोनाझोलसारख्या बुरशीविरोधी शाम्पूचं. स्टिरॉइड फक्त भडका उडाला तर चार दिवसांचा पाहुणा.

पाहुणा कधी जाणार हे आल्या दिवशीच ठरलेलं बरं. क्लोबेटासॉलच्या लोशनचा सलग वापर २ आठवडे, आणि सगळं मिळून आठवड्याला ५० मिलिलिटरच्या आत. शाम्पूचा सलग ४ आठवडे. त्याहून जास्त औषध रक्तात उतरत राहिलं तर अधिवृक्क ग्रंथी आपलं काम कमी करू शकतात. मुदत संपल्यावर डॉक्टर बहुधा दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवत नेतात किंवा कॅल्सिपोट्रिऑलसारखं स्टिरॉइड नसलेलं औषध हाती देतात. बाटलीवर पेनने दोन तारखा घालाव्यात, सुरू केल्याची आणि थांबायची. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बाटली बदलण्याआधी रोगाचं निदान बरोबर आहे का ते तपासून घ्यावं.

काळ्या मेंदीचं उदाहरण घ्या. नुसत्या मेंदीने केस लालसर होतात. पुडीतल्या 'काळ्या मेंदी'चा काळेपणा पीपीडी या रसायनाचा असतो. त्याची अॅलर्जी असलेल्याच्या कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर इसब उठतो. स्टिरॉइडने तो बसतो, पुढच्या महिन्यात केस रंगवले की दुप्पट जोराने परततो. इथे खरं औषध म्हणजे ती पुडी बंद करणं.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमं-लोशनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम काढला. दुकानात त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला जास्त धास्ती वाटते ती दुकानाची नाही, घरातल्या कपाटातल्या अर्ध्या उरलेल्या बाटलीची. शेजारच्या पोराच्या डोक्यात गोल चट्टा दिसतो, तिथले केस तुटलेले असतात, खाज असते, आणि कुणीतरी आपुलकीने म्हणतं, 'आमच्याकडे छान लोशन आहे, घेऊन जा.' पोराला झालेले असतात खवडे, म्हणजे डोक्यातलं गजकर्ण. स्टिरॉइड लावल्यावर दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, सगळे खूश. खाली बुरशी मोकळी सुटलेली असते, आणि तिचं रूप इतकं बदलतं की पुढे डॉक्टरही क्षणभर चकतात. ती केसाच्या आत शिरलेली असल्यामुळे वरून लावलेल्या कुठल्याही मलमाने ती जात नाही. ग्रिसिओफल्व्हिन किंवा टर्बिनाफिनसारखं पोटातून घ्यायचं औषध काही आठवडे द्यावं लागतं. ग्रिसिओफल्व्हिन असेल तर सहा ते आठ. उशीर झाला आणि चट्टा सुजून पिकला, तर व्रण राहतो आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत.