पेट्रोल भडकलं की शोरूममध्ये काय बदलतं? अमेरिकेतल्या पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक पेट्रोलपंपांवर एक वेगळीच अडचण उभी राहिली. मीटरमधली दराची चाकं ९९.९ सेंटच्या पुढे फिरतच नव्हती. एक गॅलन, म्हणजे साधारण ३.८ लिटर पेट्रोल कधी डॉलरच्या पुढे जाईल हे मीटर बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. मग पंपवाल्यांनी मीटर अर्ध्या गॅलनच्या दरावर लावले आणि शेजारी पाटी लावली: मीटरवर दिसेल त्याच्या दुप्पट पैसे द्या. रस्त्यावरच्या गाड्याही अशाच स्वस्त पेट्रोल गृहीत धरून बनलेल्या होत्या. त्यांच्यावर मात्र असा तोडगा नव्हता.

दर वाढले की लोक लहान गाड्या घेतात, ही समजूत ढोबळमानाने खरी आहे. पण अमेरिकेतला गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव नीट पाहिला तर त्या एका वाक्यातून बरंच काही निसटतं. दर वाढले त्या दिवशी शोरूममध्ये काय उभं होतं, कोणत्या गाडीला नियमांनी मोकळीक दिली होती आणि हे दर टिकतील असं लोकांना वाटत होतं का, या तीन गोष्टींनी गिऱ्हाइकाची निवड दराइतकीच ठरवली.

आधी युरोपातलं एक उदाहरण. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच निर्माण झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि जर्मन बनावटीच्या चिमुकल्या ‘बबल कार’ रस्त्यावर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अ‍ॅलेक इसिगोनिस यांना कमी पेट्रोलवर चालणारी, पण चार माणसं व्यवस्थित मावतील अशी गाडी बनवायला सांगितलं. त्यातून १९५९ मध्ये मिनी आली. इंजिन आडवं बसवून त्यांनी बॉनेटखालची जागा वाचवली आणि ती प्रवाशांना दिली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांची मांडणी त्याच वळणाची आहे. पुढे युरोपात पेट्रोलवरचा कर कायम चढा राहिला, त्यामुळे तिथे लहान गाडी ही रोजची सवय झाली. अमेरिकेत कर नाममात्र होता, अंतरं लांबलचक होती आणि शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये गाडीशिवाय दूधही आणता येत नसे.

१९७३ मध्ये तिथे गॅलनला सुमारे ३९ सेंट पडत. त्या काळातली शेवरले इम्पाला घ्या. साडेपाच मीटरहून लांब, बॉनेटखाली ५.७ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. आज आपल्याला ही उधळपट्टी वाटते. त्या दराला ती कुणालाच वाटत नव्हती. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९७५ च्या नव्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज गॅलनला १३.१ मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटरच्या आसपास होतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या काळात अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणं थांबवलं. कच्च्या तेलाचं पिंप ३ डॉलरच्या आसपास होतं, ते काही महिन्यांत १२ डॉलरच्या जवळ गेलं. मात्र देशात पेट्रोलच्या दरांवर सरकारी नियंत्रण होतं, त्यामुळे टंचाई दराच्या पाटीवर दिसण्याआधी रांगेत दिसली. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम की विषम, त्यावरून पेट्रोल भरण्याचा दिवस ठरू लागला. पंपांवर झेंडे लागले: हिरवा म्हणजे पेट्रोल आहे, पिवळा म्हणजे फक्त तातडीच्या वाहनांना, लाल म्हणजे संपलं. रात्री टाकीतून पेट्रोल चोरीला जाऊ लागलं, तशी कुलपाची झाकणं खपू लागली. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावणारा कायदा आला.

हा अनुभव माणसाच्या मनात दरापेक्षा खोल जातो असं मला वाटतं. १९७४ मध्ये सरासरी दर ५३ सेंटच्या आसपास गेला. वाढ मोठी, पण पगारदार कुटुंबाला पेलणारी. सकाळी कामावर जाण्याआधी तासभर रांगेत उभं राहायचं आणि नंबर येईपर्यंत लाल झेंडा लागायचा, ही धास्ती मात्र वेगळी. त्या हिवाळ्यात मोठ्या गाड्या डीलरांच्या आवारात तुंबून राहिल्या.

लहान गाडी हवी, तर घ्यायची कुठली? अमेरिकन कंपन्यांकडे फोर्ड पिंटो आणि शेवरले व्हेगा होत्या, पण त्यांची खरी कमाई मोठ्या गाड्यांवर होती. टोयोटा, डॅटसन आणि होंडा यांच्याकडे लहान गाडी हाच मुख्य धंदा होता. जेमतेम साडेतीन मीटर लांबीची होंडा सिव्हिक अमेरिकेत नुकतीच आली होती. तिच्या सीव्हीसीसी नावाच्या इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारं उपकरण, न लावताही धुराचे नवे कडक नियम पाळून दाखवले. रांगांना कंटाळलेला गिऱ्हाईक जपानी गाडीकडे वळला तो अ‍ॅव्हरेजसाठी. ती रोज बिनतक्रार सुरू होते हे त्याला नंतर कळलं आणि मग तो परत गेला नाही. दर खाली आल्यावरही टिकून राहिलेला हा बदल आहे, म्हणून तो महत्त्वाचा.

डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा कायद्यावर सही केली. प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींचं सरासरी अ‍ॅव्हरेज १९७८ साली गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल असायला हवं, असं बंधन आलं. पण त्यात एक वेगळी चौकट होती: ‘हलके ट्रक’. पिकअप आणि व्हॅन ही शेतकऱ्याची, गवंड्याची, सुताराची वाहनं, म्हणून त्यांना सैल नियम. त्या वेळी नव्या वाहनांमध्ये त्यांचा वाटा पाचातला एक होता, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने काय घेतलं, याचं निम्मं उत्तर या चौकटीत आहे.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि रांगा परत आल्या. मोठ्या गाड्यांवर उभी असलेली क्रायस्लर बुडायच्या बेतात आली. १९८० मध्ये सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली तेव्हा ती वाचली. डिझेलकडेही लोक झपाट्याने वळले होते, पण जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल डिझेल इंजिनांचे हेड बोल्ट दगा देऊ लागले आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचं डिझेल कारवरून मन उडालं ते उडालंच. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला वर्षाला १६.८ लाखच मोटारी पाठवायचं मान्य केलं. संख्या बांधलेली, मग त्यांनी प्रत्येक गाडीमागे जास्त पैसा मिळेल अशा महाग गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि अमेरिकेतच कारखाने काढले. होंडाच्या ओहायोतल्या मेरिसव्हिल कारखान्यातून १९८२ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या.

मग १९८६ मध्ये तेल कोसळलं. पिंप १० डॉलरच्या आसपास आलं. कुटुंबाला प्रशस्त गाडी हवीच होती. पूर्वी ती गरज स्टेशन वॅगन भागवत असे. पण वॅगन ही नियमाने मोटार, तिला २७.५ मैलांच्या हिशोबात बसवणं अवघड. तेच कुटुंब मिनिव्हॅनमध्ये किंवा जीप चेरोकीत बसलं की ते नियमाने ट्रकमध्ये बसलेलं असे. १९९० मध्ये फोर्ड एक्स्प्लोरर आली आणि एसयूव्ही घराघरात शिरली. १९९६ ते २००४ या काळात ट्रकसाठीची अट गॅलनला फक्त २०.७ मैल होती. गाडी आणि भार मिळून ८,५०० पौंडांपेक्षा जास्त वजनासाठी बनलेल्या वाहनांना तर काहीच अट नव्हती. २००२ ची हमर एच-२ त्यातली. क्रायस्लरची पीटी क्रूझर दिसायला सरळसरळ मोटार होती. पण मागच्या सीट काढल्या की सपाट फळी होते, या आधारावर ती ट्रकमध्ये मोजली गेली आणि कंपनीच्या ट्रकांची सरासरी सुधारली.

याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. नव्या वाहनांचं सरासरी अ‍ॅव्हरेज १९८७ मध्ये २२ मैलांवर पोचलं होतं, ते २००४ मध्ये १९.३ वर घसरलं. इंजिनं या काळात उलट सुधारत होती. ती सारी सुधारणा वजन आणि ताकद वाढवण्यात गेली. मला हे नुकसान फार मोठं वाटतं, कारण ते सतरा वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

२००५ मध्ये कॅटरिना वादळाने मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्या बंद पाडल्या आणि गॅलन ३ डॉलरच्या वर गेला. जुलै २००८ मध्ये तो ४.११ डॉलरला पोचला. त्याआधीच, मे महिन्यात, फोर्डच्या एफ-सिरीज पिकअपला मागे टाकून होंडा सिव्हिक देशातली सर्वांत जास्त विकली जाणारी गाडी ठरली. ३ जून रोजी जनरल मोटर्सने ट्रक-एसयूव्हीचे चार कारखाने बंद करायचं जाहीर केलं. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या कारखान्यातली शेवटची एसयूव्ही त्याच वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी बाहेर पडली. गिऱ्हाइकाने काही महिन्यांत मन बदललं आणि एका गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी गेली.

इथे जरा हिशोब करू. वर्षाला १२,००० मैल चालणारी गाडी गॅलनला १५ मैल देत असेल तर ८०० गॅलन लागतात; ३० देत असेल तर ४००. गॅलन २ डॉलरला असताना वर्षाचा फरक ८०० डॉलर, ४ डॉलरला असताना १,६००. तरी हा फरक बहुतेकांना नीट दिसत नाही. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ मध्ये याचं एक कारण दाखवलं: ‘गॅलनला किती मैल’ हे मापच फसवं आहे. १० वरून २० मैलांच्या गाडीवर गेलं, तर १०,००० मैलांमागे ५०० गॅलन वाचतात. २५ वरून ५० वर उडी मारली, तर २००. कागदावर दुसरी उडी मोठी दिसते, खिशाला पहिली जास्त फळते. पुढे नव्या गाड्यांच्या सरकारी लेबलवर ‘१०० मैलांना किती गॅलन’ हाही आकडा छापायला सुरुवात झाली.

दुसरी गोष्ट सेकंडहँड बाजाराची, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. नवी गाडी कंपनी कमी बनवू शकते. रस्त्यावर आलेली जुनी गाडी कुठेच जात नाही. त्यामुळे पेट्रोल भडकलं की नव्या गाड्यांचा खप बदलतो आणि जुन्यांचा भाव बदलतो. दणदणीत पिणारी एसयूव्ही एकदम स्वस्त होते. ज्याच्याकडे हातात रोख थोडी, त्याला तीच परवडते आणि मग पंपावर रोज जास्त पैसे मोजायची वेळ त्याच्यावरच येते. पैसेवाला माणूस नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली गाडी, घेऊन सुटतो. दोन गाड्या असलेलं घरही सुटतं, लांबची फेरी लहान गाडीने करतं आणि मोठी दारात ठेवतं. एकच गाडी असलेल्याला ती मुभा नसते.

२००९ च्या उन्हाळ्यात सरकारने जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याला ३,५०० किंवा ४,५०० डॉलर द्यायला सुरुवात केली. अट अशी, की जुनी गाडी परत रस्त्यावर येता कामा नये. डीलर इंजिनातलं ऑइल काढायचे, सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या अशा संपल्या. सर्वांत जास्त जमा झाली ती फोर्ड एक्स्प्लोरर, सर्वांत जास्त घेतली गेली ती टोयोटा कोरोला.

पण २०१४ च्या उत्तरार्धात तेल पुन्हा घसरलं आणि एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं, की उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता आपल्या जवळपास सगळ्या मोटारी बंद. लहान गाडी हवी असलेल्याला शोरूममधला पर्यायच कमी झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि १४ जूनच्या सुमारास अमेरिकेतला सरासरी दर प्रथमच ५ डॉलरच्या वर गेला, तेव्हा नव्या वाहनांमध्ये पाचातले जवळपास चार ‘ट्रक’ होते. त्यातले बरेचसे मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेले क्रॉसओव्हर. शिवाय चिपच्या टंचाईने डीलरांची आवारं ओस पडली होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय १२ वर्षांच्या पुढे गेलं होतं. बदलायची इच्छा असूनही अनेकांना थांबावं लागलं.

या वेळी निवड सरकली ती आकारावरून इंधनावर. नव्या वाहनांमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा वाटा २०२२ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास पोचला. फोर्डचाच मॅव्हरिक हा छोटा पिकअप २०,००० डॉलरच्या आत सुरू होत होता, हायब्रिड इंजिन त्यात मूळ किमतीतच होतं आणि शहरात तो गॅलनला ४२ मैल द्यायचा. युद्ध सुरू होण्याच्या आधीच, जानेवारी २०२२ मध्ये, त्या वर्षाच्या हायब्रिड मॅव्हरिकची सगळी मागणी भरली आणि कंपनीने नव्या ऑर्डर घेणं बंद केलं.